काय भारूड लावलंय!

बरेच दिवसांनी लिहितोय. शिव्या खाऊन झाल्यात, त्यामुळे माफी मागत नाही. आज लिहिण्याचं कारण आमची आत्या.

परवा फोनवर मी तिला काहीतरी लांबलचक समजावून सांगत होतो, बहुतेक बँकेचं. दोन मिनिटं तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काय भारूड लावलंस रे! मुद्द्याचं बोल."

फोन ठेवल्यावर मला तेच वाक्य खुपत राहिलं. भारूड लावणं म्हणजे लांबण लावणं, कंटाळा आणणं. तुम्हीही म्हणता, मीही म्हणतो. आता गंमत बघा. आमच्या पैठणच्या एकनाथांनी ज्या प्रकाराने अख्खी गावं हसवली, त्या प्रकाराचं नाव आज मराठीत कंटाळ्याचा समानार्थी शब्द झालंय. एखाद्या भाषेत "विनोद" या शब्दाचा अर्थ "जांभई" व्हावा, तसं हे आहे. हे कसं झालं? माझं म्हणणं असं की हे आपोआप झालं नाही. आपण केलं. आणि आजही करतोय.

(ज्यांना भांडण नको त्यांनी इथेच थांबावं. पुढे भांडणच आहे.)

आमचं देवगाव रंगारी. कन्नड तालुका, जिल्हा पूर्वीचा औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. कपाशी, मका, अलीकडे अद्रक. लहानपणी आमच्याकडे सप्ताहात एका रात्री सोंगी भारूड असायचं. एक उंच, झुपकेदार मिश्यांचा माणूस लुगडं नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून यायचा आणि भवानीला नवस बोलायचा. ते प्रसिद्ध भारूड तुम्हाला माहीत आहे. सून देवीला म्हणते, मला लवकर पाव. सासरा गावाला गेलाय, तो तिकडेच संपव. सासू छळते, तिला ने. जाऊ फार बोलते, तिचं काहीतरी कर. नणंदेच्या पोराला काहीतरी होऊ दे. शेवटी नवऱ्याचाही नंबर लागतो. आणि या सगळ्याच्या बदल्यात देवीला काय मिळणार? एक रोडगा.

माझी आजी बायांच्या घोळक्यात बसायची. नवऱ्याचा नंबर लागला की तिच्या तोंडात पदराचा बोळा असायचा आणि डोळ्यांतून पाणी. हसण्याचं. शेजारी तिची सून, म्हणजे माझी आई, ती खाली मान घालून हसायची. सासू आणि सून दोघी एकाच ओळीला हसताहेत, आणि दोघींना माहीत आहे की दुसरी का हसतेय. एरवी आमच्या घरात हे वर्षभर व्हायचं नाही.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुन्हा सप्ताह, मी मुद्दाम रजा काढून गेलेलो. एका महाराजांनी (नाव सांगणार नाही, माणूस चांगला आहे) कीर्तनात हेच भारूड घेतलं. पण म्हणण्याआधी सांगितलं, "माउली, हसू नका, अर्थ समजून घ्या. सासरा म्हणजे अहंकार. सासू म्हणजे कल्पना. नणंद म्हणजे वासना." अशी सगळ्या नातेवाइकांची हजेरी झाली. (ही यादी महाराजागणिक थोडी बदलते हेही आता माझ्या लक्षात आलंय.) मग भारूड म्हटलं. चाल तीच, शब्द तेच. मंडपात कोणी हसलं नाही. बाया शांत बसल्या होत्या, दोघीतिघी जपमाळ ओढत होत्या. अहंकार मेला, वासना मेली, कोणाच्याही घरचं कोणी मेलं नाही. मग हसणार कशाला?

हे ते भारूड लावणं!

शाळेत आपण सगळे एक वाक्य पाठ करून आलो आहोत: कडू औषधाच्या गोळीला साखर लावावी तसं नाथांनी परमार्थाला विनोदाचं आवरण दिलं. परीक्षेत मार्क मिळतात. माझा या वाक्यावर राग आहे. कारण त्याचा सरळ अर्थ असा की विनोद ही साखर, म्हणजे बिनकामाची, अडाणी माणसाला फसवण्यापुरती. एकदा तुम्हाला औषध कळलं की साखर थुंकून टाका. महाराजांनी तेच केलं. थुंकून टाकली.

हे वाक्य नाथांवर अन्याय करतं असं मला वाटतं आणि त्याला माझ्याकडे एक साधा पुरावा आहे. नाथांना टीका लिहिता येत होती! त्यांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर प्रचंड टीका लिहिली, ती 1573 मध्ये काशीत पुरी झाली. 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, पाठभेद ताडून. म्हणजे हा माणूस शब्दाशब्दाचा हिशेब ठेवणारा पंडित होता. ज्याला अर्थ उलगडून सांगायचा तेव्हा अठरा हजारांवर ओव्या लिहिता येतात, त्याने भारुडात अर्थ उलगडला नाही, तर तो विसरला म्हणून? नाही हो. टीका लिहायची तिथे टीका लिहिली आणि भारूड लिहायचं तिथे भारूड लिहिलं. आपण भारुडाची टीका करतो आणि वर नाथांच्या नावावर खपवतो.

आता मुद्दा असा की हसू नेमकं येतं कुठून. इथे मला एक परदेशी पाहुणा आणावा लागतोय.

माझा भाचा बीएला इंग्रजी घेऊन बसलाय. त्याला चॉसर आहे. हा इंग्रज कवी 1400 साली वारला, म्हणजे नाथांच्या जन्माआधी सव्वाशे-एक वर्षं. कँटरबरीच्या यात्रेला निघालेले लोक वाटेत एकमेकांना गोष्टी सांगतात, असं त्याचं पुस्तक. (वारीच म्हणा. फक्त हे घोड्यावर.) त्यात एक दारू प्यालेला गिरणीवाला एक चावट गोष्ट सांगतो. भाच्याच्या गाईडमध्ये या गोष्टीवर दहा मुद्दे होते: सामाजिक उपहास, धर्मसंस्थेवर टीका, वर्गसंघर्ष वगैरे. मी विचारलं, "हसलास का वाचून?" तो म्हणाला, "मामा, परीक्षेला हसायचं नसतं."

मग दिवाळीत ओसरीवर बसून मी ती गोष्ट सांगितली. समोर भाचा, काका, दोन चुलतभाऊ आणि दाराआड आत्या. आत्या असल्याने मला पुष्कळ ठिकाणी गिअर बदलावा लागला. :-)

एक म्हातारा सुतार, त्याची तरणी बायको, घरात भाड्याने राहणारा एक हुशार विद्यार्थी, ज्योतिष शिकणारा. विद्यार्थ्याचं आणि बायकोचं जमतं. नवऱ्याला बाजूला कसं काढायचं? विद्यार्थी सुताराला सांगतो, येत्या सोमवारी रात्री महापूर येणार, नोहाच्या वेळेपेक्षा दुप्पट मोठा. आढ्याला तीन कढया टांगू, म्हणजे लाकडी टबच हो, आणि त्यात झोपू. पाणी आलं की दोर कापायचे आणि तरंगत निघायचं. सुतार बिचारा टब टांगतो आणि दमून त्यात झोपी जातो. बाकीचे दोघे खाली उतरतात.

आता दुसरा एक रसिक, चर्चमधला कारकून. तो रात्री खिडकीशी येऊन मुका मागतो. अंधारात बाई भलतंच पुढे करते. तो चिडतो, लोहाराकडे जातो, नांगराचा तापलेला फाळ आणतो आणि परत मुका मागतो. या वेळी विद्यार्थ्याला वाटतं आपण गंमत करू, तो स्वतःचं पुढे करतो. फाळ लागतो. विद्यार्थी बोंबलतो: "पाणी! पाणी!"

इथे मी थांबलो. एक सेकंद शांतता. मग काका आधी हसले, गुडघ्यावर थाप मारून. कारण त्यांना वर टांगलेला सुतार आठवला! त्याने "पाणी" ऐकलं, त्याला वाटलं पूर आला, त्याने दोर कापला आणि धपकन जमिनीवर. हात मोडला.

भाचा हसून हसून लोळत होता. गाईड घरातच होतं.

बघा, इथे हसू कशाचं आहे? चावटपणाचं थोडं आहेच. पण खरी गंमत "पाणी" या एका शब्दाची. आपण मधल्या गडबडीत सुताराला साफ विसरलेलो असतो. एकाला पाणी हवंय, दुसऱ्याला पाण्याची भीती आहे, आणि दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दावर येऊन आदळतात. शिवाय त्या काळच्या ऐकणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत होती. बायबलमध्ये देवाने नोहाला वचन दिलंय की असा पूर पुन्हा येणार नाही. लहान पोरालाही ठाऊक असलेलं हे सुतार विसरला. म्हणजे विनोद समजायला जे ज्ञान लागतं ते सगळ्या गावाकडे आधीपासून आहे. टीप द्यावी लागत नाही.

नाथांचंही अगदी हेच यंत्र आहे. नवसाचं भारूड घ्या. शेवटच्या कडव्यात सून म्हणते, सगळेच जाऊ देत, मी एकटी राहू दे. नाथांची नाममुद्रा "एका जनार्दनी". एका म्हणजे एकनाथ, आणि तिथेच ती बाई एकटेपण मागतेय. संसाराला कंटाळलेल्या सुनेचं एकटेपण आणि साधूचं एकटेपण एकाच ठिकाणी येऊन आदळतात. पण हा आदळ ऐकू यायला आधी खरी सासू मरायला हवी! ती मनात मेली, आपण हसलो, दचकलो, "अरे, आपण काय मागतोय" असं वाटलं, तर पुढचं. आधीच सासूला कल्पना करून टाकलं तर आदळायला दुसरी वस्तूच उरत नाही. सुताराला आधीच सांगून ठेवल्यासारखं आहे की पूर बीर काही नाही, झोप.

आणि तो रोडगा. अख्खं सासर संपवण्याची किंमत एक जाडाभरडा रोडगा! आपले सगळ्यांचे नवस असेच असतात. मागणं डोंगराएवढं आणि देणं एका नारळाएवढं. हे मी आत्ता दोन वाक्यांत सांगितलं तर प्रवचन झालं. आजी हसली तेव्हा तिला ते कळलेलं होतं.

अजून एक उदाहरण, आमच्या भागातलं. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर होते, निजामशाहीच्या चाकरीत. तरुण नाथ तिथे राहिले, हिशेब लिहिले. नंतर त्यांनी फारसीमिश्रित सरकारी भाषेत एक अर्जदस्त लिहिला. त्यात शरीर हा परगणा आहे आणि त्या परगण्याचं नाव शरीराबाद! जीव हा तिथला अंमलदार, बुद्धी कारकून. आज आपल्याला हे "रूपक" वाटतं. पण दौलताबादेत ज्याने कचेरीत खेटे घातलेत त्याला "शरीराबाद" ऐकून काय वाटलं असेल विचार करा. ज्या कागदाची आयुष्यभर भीती वाटली त्याच कागदाच्या भाषेत कोणीतरी तुमच्या गुडघेदुखीची तक्रार नोंदवतोय. तहसीलमध्ये सातबारासाठी चार चकरा मारून या आणि मग वाचा. आजही हसू येतं. तहसील बदललेली नाही.

नाथांच्याही आधी तीनशे वर्षं हेच. चक्रधरस्वामी वेरूळला, पैठणला राहिले, आमच्यापासून वेरूळ हाकेच्या अंतरावर म्हणा. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लीळाचरित्रात गोळा केल्या. आपण बाळाला भरवताना सांगतो ती शेणाच्या आणि मेणाच्या घराची गोष्ट त्यात आहे. म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंचंही चरित्र लिहिलं. रिद्धपूरचा हा पुरुष भक्तांना ईश्वर आणि परक्यांना वेडा वाटायचा. म्हाइंभट प्रसंग सांगतात आणि पुढच्या प्रसंगाकडे जातात. प्रभू लहान मुलासारखे वागले तर वागले. साडेसातशे-एक वर्षांपूर्वीच्या लेखकाला वाचकावर जेवढा विश्वास होता तेवढा आज आपल्याला नाही.

आता दुसऱ्या बाजूचेही कान उपटतो, नाहीतर म्हणाल फक्त महाराजांवर घसरला.

काही मंडळी भारूड "लोकप्रिय" करतात. जत्रेत, टीव्हीवर. तिथे विनोद एवढाच असतो की पुरुषाने साडी नेसली. नेसली, कंबर हलवली, हशा. आमचा मिशीवाला माणूसही साडीच नेसायचा, पण पहिल्या दोन मिनिटांत त्याची साडी विसरायला व्हायची. लोक तो काय नेसलाय याला हसत नव्हते, ती काय बोलतेय याला हसत होते. चारचौघांत जे वाक्य आजीला कधीच बोलता आलं नसतं ते कोणीतरी भोंग्यावरून बोलत होतं. साडीला हसणारा बाईला हसतो. भारुडात बाई हसते. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींसारखी बाई स्वतः भारूड करायला उभी राहते तेव्हा हा फरक चटकन कळतो. आणि पुरुषांत आमच्या सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे होते, बुरगुंड्याचं भारूड गाजवणारे. 2021 मध्ये कोरोनात गेले. त्यांच्यापुढे साडीचे विनोद करणारे कुठे लागतात!

आणि जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणत नाही. बहिरा, मुका, आंधळा अशी सोंगं भारुडांत आहेत. नाथांचा रोख ऐकून न ऐकणाऱ्यावर, पाहून न पाहणाऱ्यावर आहे, हे मान्य. पण आमच्या गल्लीतला एक ऐकू न येणारा मुलगा मंडपात बसायचा आणि लोक सोंग बघून आधी त्याच्याकडे बघायचे. मीही बघितलंय. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. चॉसरकडेही अशी गोष्ट आहे, गिरणीवाल्याच्या गोष्टीनंतर लगेचच. तिथे एका माणसाचा सूड घ्यायला त्याची बायको आणि मुलगी वापरली जाते. ती ओसरीवर सांगायचं माझं धाडस नाही, इच्छाही नाही. जे हसू आज येत नाही ते येत नाही. पण ते मी ऐकून, बघून, विचार करून सोडलं. अर्थाची चादर टाकून झाकलं नाही. चादर टाकली की चांगलं-वाईट दोन्ही सारखंच पवित्र दिसायला लागतं.

माझी कसोटी सोपी आहे. सोंग घेणारा स्वतःला त्यात घालतो का? विंचू चावला तो नाथांना चावलाय. ते "तुम्हाला चावलाय" म्हणत नाहीत. भर मंडपात लोळून बोंबलायचं काम सोंगाड्याने स्वतःकडे घेतलेलं असतं. आमच्याकडे शेतात विंचू चावून चांगला पैलवान गडी नाचताना सगळ्यांनी बघितलाय, म्हणून ते बोंबलणं खरं वाटतं आणि हसू येतं. मग कळतं की विंचू कामक्रोधाचा आहे आणि तो आपल्यालाही चावलेला आहे.

हिंदू-तुर्क संवादात तर नाथांनी कमाल केली आहे. दोघे एकमेकांच्या देवाची, पोथीची, रीतीभातीची यथेच्छ टर उडवतात. दोघांनाही बोलायला पुरेशी जागा. दोघांचेही टोले बसतात. आणि शेवटी दोघे एकमेकांना भेटतात, भांडण मिटतं. सोळाव्या शतकात पैठणच्या एका ब्राह्मणाने हे लिहिलं. आज आपण त्यातलं फक्त शेवटचं आलिंगन भाषणात सांगतो आणि आधीची टर गाळतो. पण एकमेकांची टर ऐकून घेतल्यावरच त्या आलिंगनाला किंमत आहे. नुसतं आलिंगन म्हणजे शांतता समितीच्या बैठकीतला फोटो.

यावर आमचे एक ब्लॉगवाले मित्र मला नक्की लिहिणार: "म्हणजे परमार्थ नकोच का? नुसती करमणूक?" मित्रा, अर्थ हवा. पण नंतर. आधी भारूड पूर्ण होऊ दे, सोंगासकट. लोक हसू देत. हसून झाल्यावर जी शांतता होते, त्या शांततेत महाराजांनी एक वाक्य बोलावं. एकच. मंडप ऐकेल.

आता आत्याचं राहिलं. त्या दिवशी सुताराची गोष्ट संपल्यावर दाराआडून तिने विचारलं, "सुताराचा हात मोडला, त्या पोराला चटका बसला, त्या कारकुनाची फजिती झाली. बाईला काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. चॉसरने तिला काहीच शिक्षा दिलेली नाही."

आत्या थोडा वेळ गप्प होती. वयाच्या सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं, बारा माणसांच्या घरात. मग म्हणाली, "बरं केलं." आणि चहा टाकायला आत गेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

यंदाच्या सप्ताहाच्या कमिटीत आमचा चुलतभाऊ आहे. त्याला मी सांगून ठेवलंय की एक रात्र सोंगी भारुडाला द्या आणि आधी कोणाला बोलायला देऊ नका. तो म्हणाला बघू. तुम्हीही त्याला फोन करा, नातेवाईक मंडळींनो, नंबर तुमच्याकडे आहे.

असो. फार लांबलं. आत्या हे वाचेल (भाचा वाचून दाखवतो) तेव्हा काय म्हणेल ते मला माहीत आहे. पण आत्या, आता तो शब्द जरा जपून वापर.